कालवा कोरडा असताना

काल कालव्याचं पाणी बंद झालं. मला कुणी सांगितलं नाही, वासावरून कळलं. मीनूला शाळेत सोडून चालत परत येत होते. पुलाजवळ आले आणि ओल्या गाळाचा, शेवाळाचा, मेलेल्या माशांचा वास आला. खाली पाहिलं तर तळाशी नुसती डबकी उरलेली, त्यांत माशांच्या पाठी हलत होत्या आणि काठावर पांढरे बगळे पंगत बसायची वाट बघत असल्यासारखे उभे होते.

दर हिवाळ्यात इथले लोक महिनाभर कालवा कोरडा करतात. गाळ काढतात, भिंती सांधतात, लोखंडी दारांना तेल घालतात आणि ठरल्या दिवशी पुन्हा पाणी सोडतात. मी पुलावर थांबले नाही. घरी येऊन चहा केला, तो समोर ठेवल्या ठेवल्या निवून गेला. मग ही वही काढली. हिच्यात मी आजवर मेथी कधी पेरली, मीनूला ताप कधी आला, एवढंच लिहीत आले. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण अक्षर चांगलं होतं. आमचे गुरुजी माझी पाटी वर्गात फिरवायचे.

तीन हिवाळ्यांपूर्वीचा तो कोरडा महिना मला असा वासासकट आठवतो.

आम्ही अमेरिकेत, चँडलरला आलो त्र्याऐंशी साली. आम्ही म्हणजे माझा धाकटा भाऊ श्रीधर, त्याची बायको नीला, त्यांची तीन वर्षांची मीनू आणि मी. श्री इथं चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि मी दहाची. त्याला सांभाळायला म्हणून माझी शाळा सुटली. पुढं त्याला अक्षरं मीच शिकवली, चुलीपुढं बसून, राखेत बोट धरून. तो मोठा झाला, परदेशी गेला, आणि मीनू झाल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं. सगळे म्हणाले, भावानं पांग फेडले. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिलं घर जुन्या वस्तीत होतं. पुढं कापसाची शेतं, पलीकडं गाईंचे गोठे, आणि मागच्या अंगणाला लागून सिमेंटची एक चारी. मोठ्या कालव्यातून निघालेली ती अरुंद चारी आठ घरांच्या मागून जायची. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक घराला पाण्याची पाळी. आपल्या वेळेला आपलं दार उचलायचं, अंगणात घोटाभर पाणी भरू द्यायचं, वेळ संपली की दार खाली टाकायचं आणि पुढच्या घराला हाक मारायची. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं. सात समुद्र ओलांडून आले, आणि पुन्हा कालव्याच्याच काठी!

आमचं गाव नगरकडचं, कालव्याखालचं. आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटायच्या आधी प्रत्येकानं आपापल्या शेतापुरती चारी साफ करायची, हा तिथला शिरस्ता. पाटकरी यायचा, दार उघडायचा, आणि आम्ही दारं धरायचो. म्हणजे एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. हे काम मला लिहिण्यावाचण्याच्या आधीपासून येतं.

इथंही पाटकरी होता. पांढरा ट्रक घेऊन यायचा, म्हातारा, मेक्सिकन, डोक्यावर गवती टोपी. त्याच्या हुद्द्याला इथं एक स्पॅनिश शब्द आहे, तो माझ्या तोंडात बसला नाही. मी पाटकरीच म्हणायची. तो मला सेन्योरा म्हणायचा आणि माझे वाफे बघून मान हलवायचा. बाकीची घरं गवताला पाणी देत. मी संत्र्याच्या झाडांखाली आळी केली होती, आणि भिंतीकडेनं आठ वाफे. मेथी, पालक, वांगी, लसूण. श्री दिवसभर कारखान्यात, नीला बँकेत, म्हणून आमच्या घरातर्फे पाणी घेणारी म्हणून माझं नाव लावलं होतं. दर पाळीला कार्ड यायचं, त्यावर इंग्रजी टाइपात माझं नाव. सुलोचना. पासपोर्ट सोडला तर या देशात माझं नाव असलेला तेवढाच कागद. मी ती सगळी कार्डं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती.

कुणाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. गावातही तसंच होतं. पण दार उचलून शेजारच्या घराला हाक मारायला लागायची, तिथं सुटका नव्हती. त्या हाकेतून मालई भेटली.

मालई थायलंडची. तिचा नवरा रॉय लढाईच्या वेळी विमानदळातून तिकडं गेला होता, तिथून तिला लग्न करून घेऊन आला. आमच्या चारीचा कारभार त्याच्याकडं होता. पाळ्या लावणं, भांडणं मिटवणं, फुटलेलं सिमेंट कुणी भरायचं ते सांगणं. मालई चाळिशीची, बुटकी, सदा हसरी. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं जमलं. श्री मला आक्का म्हणतो हे ऐकून ती मला पी-आक्का म्हणायला लागली. पी म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. दोन दोन वेळा मोठी बहीण झाले मी.

त्या कोरड्या महिन्यात आम्ही दोघी रोज दुपारी चारीच्या काठावर बसायचो. पाय आत सोडून, उन्हाकडं पाठ करून. मी शिरस्त्याप्रमाणं आमच्या घरापुरती चारी खरडून काढत होते. मालई शेंगा सोलत मला तिच्या गावाकडचं सांगायची.

तिचं गाव म्हणजे एक अख्खा तालुकाच. तालुक्याला ते आम्फो म्हणतात. आधी तिथं दलदल होती, पुरुषभर उंच गवत. मग राजाच्या हुकमानं दोन नद्यांना जोडणारा मोठा कालवा खणला. त्याच्या बाजूंनी लहान कालवे, त्यांच्यापासून आणखी लहान. आधी पाणी आलं, पाण्यामागून माणसं आली, आणि माणसांमागून सरकार आलं. मोठ्या कालव्याच्या काठी ठरावीक अंतरावर दगडी खांब रोवलेले, प्रत्येकावर आकडा. कुठं राहता म्हटलं की लोक खांबाचा आकडा सांगायचे. कचेरी, देऊळ, शाळा, दवाखाना, सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. कचेरीला पायऱ्यांचा घाट होता. बाळ झालं की नाव नोंदवायला होडीतून जायचं. बांधाचा तंटा झाला तर दोन होड्या, एक फिर्यादीची आणि एक दुसऱ्याची, आणि येताना समेट झाला असेल तर एकच. मोठा साहेब होडीतून फिरतीवर यायचा तेव्हा शाळेतली पोरं काठावर रांगेनं उभी करायचे. मालईही उभी राहिलेली. साहेबाची होडी इतकी जवळून गेली की पहिल्या रांगेचे कपडे भिजले, आणि सगळ्यांनी भिजल्या अंगानं टाळ्या वाजवल्या.

"तुझे वडील काय करायचे?" मी विचारलं.

"कमनान होते. दहा-बारा गावांचे मुख्य."

"म्हणजे आमच्याकडं पाटील असायचे तसे."

"पाटील कोण?"

मी विचार केला. "ज्याला सगळ्यांच्या आधी कळतं तो."

मालई शेंग हातात धरून हसली. "हो, तोच. सगळ्यांच्या आधी कळतं, आणि सगळ्यांच्या नंतर सांगतो."

तेव्हा मीही हसले होते. आज ते हसणं माझं मलाच ऐकवत नाही.

त्या महिन्याच्या थोडं आधी श्रीनं घरी जेवण ठेवलं होतं. फिनिक्सकडची पाच-सहा मराठी कुटुंबं आणि कारखान्यातले त्याचे साहेब. नेमकी त्याच दिवशी आमची पाण्याची पाळी. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून वाफ्यात उभी होते आणि पाहुणे मागच्या दारातून अंगणात आले.

"अगं बाई, आक्का, अमेरिकेत येऊन दारं धरताय?" एक काकू म्हणाल्या.

"श्रीधर, यार, बहिणीला एच-वन मिळवून दे. इरिगेशन इंजिनिअर!" त्यांच्या यजमानांनी वर टोला दिला.

सगळे हसले. श्री सगळ्यांत मोठ्यानं हसला. साहेब मात्र पुढं येऊन वाकून बघत होता, काय लावलंय म्हणून विचारत होता. श्रीनं त्याला दंडाला धरून आत नेलं. नंतर नीला हळूच म्हणाली, "आक्का, पाहुणे असताना चिखलात नका ना जाऊ. ह्यांना कसंतरी होतं." मी म्हटलं, पाणी पाहुणे बघून येत नाही. एवढं बोलले हेच माझ्या दृष्टीनं पुष्कळ होतं.

त्यानंतर आठवड्यानं श्री ऑफिसातून आला, आणि बूट न काढताच माझ्याजवळ येऊन बसला. हातात कागद.

"आक्का, सात नंबरचा फॉर्म आलाय बघ."

हे इथं नीट लिहून ठेवते, कारण सगळं याच्यावर फिरलं. आमच्याकडं कालव्याचं पाणी हवं तर आवर्तनाआधी सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो. कुठलं पीक, किती क्षेत्र, आणि खाली सही. वडिलांना लिहिता येत नसे. चौथीत असल्यापासून तो फॉर्म मी भरायची. श्री शेजारी बसून टाक दौतीत बुडवून द्यायचा. फॉर्म गेला नाही तर पाणी नाही, हे आमच्या दोघांच्या हाडांत मुरलेलं. त्यानं इतक्या वर्षांनी ते नाव काढलं आणि मला भरून आलं. म्हटलं, पोरगा विसरलेला नाही.

"इथंपण असतो?"

"असतो की. कालवा बंद व्हायच्या आधी द्यायचा. पाणी घेणारी तू, म्हणून सही तुझी."

"काय लिहिलंय?"

"तेच गं, नेहमीचं."

मी चष्मा लावला. इंग्रजी वाचता येत नाही, पण सवय म्हणून ओळींवरून बोट फिरवलं. मग सावकाश, मराठीत, माझं नाव लिहिलं. श्रीनं कागद उचलून त्यावर फुंकर मारली. तीसुद्धा तशीच, लहानपणी शाई वाळवायला मारायचा तशी.

काठावर मालईची गोष्ट रोज थोडी पुढं सरकत होती. मग त्यांच्याकडं रस्ता आला. आधी मोठा, दूरवरून जाणारा. मग कचेरीतल्या लोकांना वाटायला लागलं, कचेरीपर्यंत रस्ता हवा. छोटे कालवे बुजवले तर जागा आयती होती. पण त्यासाठी काठावरच्या घरांची संमती लागणार होती. ती गोळा करायचं काम कमनानचं.

"वडिलांनी नाही म्हटलं असेल," मी म्हटलं.

मालई शेंगांची टरफलं कोरड्या चारीत टाकत राहिली. मी ती वेचून बाहेर काढली. चारी साफ ठेवायला हवी ना, पाणी येणार होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुढचं सांगितलं. वडील होडी घेऊन घरोघर गेले. लोकांना सांगितलं, पाण्याच्या दाराची दुरुस्ती आहे, अंगठे द्या. लोकांनी दिले. त्यांच्यावर कोण अविश्वास दाखवणार? उन्हाळा संपायच्या आत मातीचे ट्रक आले. घरांची तोंडं पाण्याकडं होती, त्या बाजूला भिंतीएवढा भराव पडला. ज्या दाराला पाठचं म्हणायचे ते पुढचं झालं. कचेरी रस्त्याकडं सरकली, नवी, दुमजली. जुन्या घाटाच्या पायऱ्या अजून आहेत, ती म्हणाली, पाच पायऱ्या, त्या आता डांबरात उतरतात. वडील म्हातारपणी रोज सकाळी तिथं जाऊन सगळ्यांत खालच्या पायरीवर बसायचे. मोटारी त्यांच्या गुडघ्यांना घासून जायच्या.

"तू त्यांच्याशी बोलायचीस?"

"नाही. अकरा वर्षं नाही."

पाणी सुटायच्या आदल्या दुपारी मालई आली ती रिकाम्या हातानं. शेंगा नाहीत, काही नाही. मी शेवटचा वाफा सारखा करत होते. ती काठावर बसली आणि म्हणाली, "पी-आक्का, एक राहिलं. वडील अंगठे घ्यायला जायचे तेव्हा होडीत मी असायची. शाईची डबी माझ्या हातात होती."

"तू लहान होतीस."

"बारा वर्षांची होते. मला वाचता येत होतं. कागदावर काय आहे ते मी वाचलं होतं."

मी फावडं टेकलं, तिच्याजवळ बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "जाऊ दे मालई. पोरीच्या जातीनं बापापुढं काय बोलायचं? तुझी काही चूक नाही." ती रडायला लागली. मी किती वेळ तिला थोपटत होते. तिला क्षमा करून टाकली मी, आणि कशाची ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाळी होती. निदान माझ्या हिशेबानं होती. कार्ड आलं नव्हतं, पण म्हटलं, महिनाभर बंद होतं, टपाल मागंपुढं झालं असेल. साडी खोचली, फावडं घेतलं, दाराशी उभी राहिले. पाण्याच्या आधी पाण्याचा आवाज येतो. त्याच्याही आधी चारीतल्या मुंग्या भिंत चढायला लागतात. मी मुंग्यांकडं बघत होते. त्या आपल्या आरामात तळातून चालल्या होत्या.

साडेदहा झाले, अकरा झाले. मी चारीच्या काठानं वरच्या अंगाला निघाले. वरच्या सगळ्या घरांच्या मागून गेले. एका घरातली बाई कपडे वाळत घालत होती, ती मला बघून घाईनं आत गेली. चारी कालव्याला मिळते तिथं पोचले. मोठा कालवा काठोकाठ भरून चालला होता, हिरवा, थंडगार. आणि आमच्या चारीचं तोंड नव्या सिमेंटनं लिंपलेलं. दार उचलायचं चाक काढून नेलेलं. सिमेंट अजून ओलसर होतं, त्यावर बगळ्याची पावलं उठलेली.

पांढरा ट्रक तिथंच होता. मी म्हाताऱ्याला हातानंच विचारलं, हे काय?

त्यानं टोपी काढली. "नो मोर वॉटर, सेन्योरा. एव्हरीबडी साइन."

"आय नो साइन," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं मी इंग्रजी कधी बोलले नव्हते.

त्यानं ट्रकमधून पाटीला लावलेला कागद आणला आणि बोट ठेवलं. एकाखाली एक आठ सह्या. पहिली रॉयची. सहाव्या ओळीत, त्या सगळ्या वेड्यावाकड्या इंग्रजी सह्यांमध्ये, सुबक, सरळ, शिरोरेघ ओढलेली: सुलोचना. गुरुजींनी वर्गात फिरवलं असतं असं अक्षर.

परत येताना मालई तिच्या मागच्या दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"कागद रॉयनं फिरवला. तुझी सही मी त्याच दिवशी बघितली. तुला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं." मग म्हणाली, "मी सांगत होते, पी. रोज सांगत होते."

"तू गोष्ट सांगत होतीस. माझं नाव घालून सांगायचं होतंस."

मी फावडं खांद्यावर घेतलं. घराकडं चालू लागले. त्यानंतर आजवर आम्ही बोललो नाही. त्यांच्या नव्या वर्षाला तिचं कार्ड येतं, त्यावर पी-आक्का एवढंच लिहिलेलं असतं. मी ते बिस्किटांच्या डब्यात टाकते.

श्री घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून होते, फावडं मांडीवर तसंच. त्यानं एका नजरेत ओळखलं.

"आक्का, अगं, ती चारी जुनी झाली होती. कुणालाच नको होती. तुझी कंबर दुखते. नळ आहे, होज आहे, हवं तेवढं पाणी घाल."

"फॉर्म सात नंबरचा होता म्हणालास."

"तुला खरं सांगितलं असतं तर सही केली असतीस का?"

"नसती केली."

"मग?" तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. गणिताचं उत्तर बरोबर आलेल्या पोरासारखा.

नीला ओट्याकडं तोंड करून म्हणाली, "मी म्हटलं होतं, त्यांना सांगा म्हणून." म्हणजे तिलाही माहीत होतं. आठ घरांत कळलं नव्हतं ते मला एकटीलाच. आणि त्या चारीत रोज खाली उतरून गाळ काढणारीही मी एकटीच. सगळ्यांनी खिडकीतून बघितलं असेल. कुणीतरी हाक मारून म्हणायला हवं होतं, बाई, कशाला खरडतेस?

वाफे उन्हाळ्यात गेले. होजचं पाणी घातलं, पण ते वरचं पाणी. घोटाभर पाण्यात जमीन जशी फुगून श्वास घेते तशी नाही घेतली. संत्र्यांची पानं मुडपली. वर्षभरात आम्ही या नव्या घरात आलो. इथं मागं पोहण्याचा निळा तलाव आहे, त्यातलं पाणी कुठून येत नाही आणि कुठं जात नाही. श्रीचे पाहुणे त्याच्या काठावर बसतात. मी वर असते.

इथले हे कालवे म्हणे मुळात फार जुन्या लोकांनी खणले. हातांनी, लाकडाच्या कुदळींनी. ते लोक निघून गेले आणि त्यांच्याच रेषांवरून नव्यांनी कालवे काढले. मीनूनं शाळेतून येऊन हे सांगितलं होतं. मला त्या लोकांबद्दल एकच प्रश्न पडतो. त्यांच्यात शेवटचा जो गाळ काढत होता, त्याला कुणी सांगितलं होतं का?

हे एवढं लिहून होतंय तोच आज संध्याकाळी श्री कागद घेऊन आला. मीनूच्या शाळेचा. शाळेतून तिला कुणी न्यायचं, त्यासाठी माझं नाव घालायचंय. "इथं सही कर, आक्का."

"वाच," मी म्हटलं.

"अगं, साधा फॉर्म आहे."

"पहिल्या ओळीपासून वाच. मराठीत सांग."

तो खुर्ची ओढून बसला आणि वाचायला लागला. एकेक ओळ इंग्रजीत वाचायची, थांबायचं, मराठीत सांगायचं. ओळीखाली बोट धरलेलं, मी शिकवलं होतं तसंच. आवाजही पहिलीतल्यासारखा, अडखळत. मधे कुठं काही गाळलं नसावं. सगळं वाचून झाल्यावर त्यानं पेन माझ्यापुढं धरलं. डोळे ओले होते त्याचे.

"आता तरी विश्वास ठेव ना, आक्का."

मीनू समोरच्या खुर्चीत पाय हलवत संत्रं खात होती. मी कागद उचलला, घडी सरळ केली आणि तिच्यापुढं ठेवला.

"हात पूस," मी म्हटलं, "आणि आत्याला हे वाचून दाखव."